भिंतीवरचा निरोगी थेंब

आमच्या शेजाऱ्यांच्या घरी गेलं की चहाच्या आधी काच पुढे येत असे. बोटभर लांबीची पातळ काच, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात तशी. "एक थेंब द्या, मॅडम," असं म्हणून ते पाहुण्याला तिच्यावर थुंकायला लावायचे. इतक्या अदबीनं थुंकायला मला आयुष्यात दुसऱ्या कुणी सांगितलेलं नाही.

बाळांनो, मागच्या रविवारी कॉलवर थोरली सांगत होती की तिच्या विद्यापीठात रक्ताचा किंवा लाळेचा थेंब काचेवर वाळवतात, वाळल्यावर मागे जी नक्षी राहते तिचे फोटो काढतात आणि त्यावरून आजार ओळखता येतो का ते पाहतात. "आजी, किती नवीन कल्पना आहे ना!" मी म्हटलं, नवीन कसली? आमच्या नागपूरच्या नंदनवन कॉलनीतल्या घराशेजारी हा उद्योग कितीतरी वर्षं चालला होता. मग काय विचारता! ते कोण, काय शिकले होते, त्यांच्याकडच्या काचा मिळतील का. थोरली त्यांना कुणी उपेक्षित शास्त्रज्ञ समजून बसली आहे. तो समज पक्का होण्याआधी लिहून टाकलेलं बरं. तुम्हाला मराठी वाचायला वेळ लागतो, म्हणून वाक्यं लहान ठेवते आहे.

ते कोराडीच्या वीजकेंद्रात नोकरीत असताना बॉयलरचं पाणी तपासायचे. पाणी आटवायचं, तळाला काय उरतं ते पाहायचं आणि पाणी चालेल की नाही ते सांगायचं. हे काम त्यांनी चोख केलं असावं. तिथला बॉयलर फुटल्याचं मी तरी ऐकलं नाही. निवृत्त झाल्यावर त्यांनी आमच्या शेजारच्या प्लॉटवर घर बांधलं. तपासायला बॉयलर उरला नाही, म्हणून माणसं घेतली.

"माणूस म्हणजे काय, मॅडम? बॉयलरच आहे. आत पाणी, खाली आग. आत जे साचते, ते थेंबात दिसते."

हे त्यांचं एक वाक्य. दुसरं, "थेंब खोटं बोलत नाही." हे ते फाटकाशी म्हणायचे, गच्चीवरून म्हणायचे, भाजीवाल्याला म्हणायचे. एकदा तर तेराव्याच्या पंगतीत म्हणाले. ज्यांचं तेरावं होतं, त्यांनी हयातीत थेंब द्यायला नकार दिला होता, एवढंच त्यांना सुचवायचं होतं.

थेंब वाळताना वारा लागलेला त्यांना चालत नसे. त्यामुळे सकाळभर त्यांच्याकडे पंखा बंद आणि कूलरही बंद. नागपूरच्या मे महिन्यात, बरं का! सकाळी दहाला खिडकीच्या गजाचा हाताला चटका बसतो. त्या उन्हाळ्यात त्यांची बैठक दारं लावून बंद केलेली, मधल्या टेबलावर आंब्यांवर घालतात त्या जाळीखाली काचा मांडलेल्या, आणि भोवती घामानं निथळणारी माणसं. कुणी वर्तमानपत्राची घडी करून वारा घेऊ लागलं की ते त्याचा हात धरायचे.

"काहून हलवून राहिला गा? पीस तुटते ना!"

लाळ वाळली की काचेवर बारीक फाटे उमटतात. ते खरंच पिसासारखे दिसतात, हे मी नाकारत नाही. फाटे लांब आणि सलग असले की त्याला ते मोरपीस म्हणत. तो माणूस निरोगी. फाटे तुटके असले की पित्त. काळे ठिपके दिसले की यकृत. मधोमध भेग गेली की हृदय.

"हे कशावरून ठरवलं?" मी एकदा विचारलं.

"निरीक्षणावरून."

"कुणाच्या?"

"माझ्या," ते म्हणाले, आणि माझ्याकडे असं पाहिलं की जणू वर्गात मी मूर्ख प्रश्न विचारला. इतकी वर्षं मी वर्गात शिकवलं. मूर्ख उत्तर मला ओळखू येतं.

बैठकीच्या भिंतीवर एका बाजूला देवांच्या तसबिरी होत्या, दुसऱ्या बाजूला त्यांच्या निरोपसमारंभाचा फोटो, आणि मधोमध, दोन्हींपेक्षा मोठ्या चौकटीत, एका वाळलेल्या थेंबाचा फोटो. खाली सोनेरी अक्षरांत "निरोगी थेंब". मोरपीस असं की एकही फाटा तुटलेला नाही. "आमच्या सौभाग्यवतीचा," ते सांगायचे. तुमचा थेंब वाळला की भिंगातून आधी तो बघायचा, मग भिंतीवरचा बघायचा, आणि मग तुमच्याकडे पाहून मान हलवायची, ही त्यांची पद्धत. सगळ्या नंदनवनाची प्रकृती त्या एका तसबिरीशी ताडून पाहिली जात होती. काटोलहून त्यांचे नातेवाईक पिशवीभर संत्री घेऊन यायचे, ओळखीच्यांनाही आणायचे. ते पैसे घेत नसत. फुकट म्हटलं की आपली माणसं रांग लावतात; मग ती थुंकायची का असेना.

मी त्यांची परीक्षा घेतली, हे तुम्हाला सांगायलाच हवं. एका सकाळी मी दोन काचा नेल्या. एकीवर माझं नाव, दुसरीवर तुमच्या आजोबांचं. दोन्ही थेंब माझेच होते. त्यांनी भिंगातून माझा थेंब पाहिला. "सरळ रेषा. शिस्तीचा थेंब आहे, मॅडम. हेडमास्तरीण दिसून राहिली." मग आजोबांचा पाहिला आणि चुकचुकले. "पित्त. लय पित्त. साहेब बोलत नाहीत, आतल्या आत ठेवतात."

मी सांगितलं, दोन्ही माझेच आहेत.

दुसरा कुणी असता तर ओशाळला असता. त्यांनी भिंग शांतपणे शर्टाला पुसलं. "बरोबर आहे. साहेबांचं पित्त तुमच्यात उतरलं. इतक्या वर्षांचा संसार आहे." पुढे ते असंही म्हणाले की नाव सांगितल्याशिवाय थेंब बोलत नाही, आणि खोटं नाव सांगितलं की थेंबाचा अपमान होतो. आजोबांना हे घरी येऊन सांगितलं तर ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मला हसू आलं नाही. समोरच्याचं तोंड पाहून, नाव ऐकून जे आधीच ठरवलेलं असतं, तेच हा माणूस काचेत वाचतो, हे मला त्या दिवशी कळलं. थोरली म्हणाली, तिच्या विद्यापीठात दमटपणा मोजून बंद पेटीत थेंब वाळवतात आणि पाहणाऱ्याला नाव कळू देत नाहीत. नाव झाकतात हे ऐकून मला फार बरं वाटलं.

आता वहिनींबद्दल. त्यांच्या पत्नीला मी वहिनी म्हणत असे, त्या मला ताई म्हणत. ठेंगण्या, गोऱ्या, हळू बोलणाऱ्या. त्यांच्या घरात एवढा कारभार चाले, त्यात त्यांचं मत कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. रोज सकाळी पहिला थेंब त्यांचा. रात्री ते ओट्यावर कोरी काच ठेवून झोपायचे. वहिनींनी उठल्याबरोबर, चूळ भरण्याआधी, चहाच्या आधी, तिच्यावर थेंब द्यायचा आणि काच जाळीखाली ठेवायची. हे सावकाश उठून भिंगातून पाहायचे आणि फाटकाशी येऊन जाहीर करायचे, "सौभाग्यवती फर्स्ट क्लास!" आम्हाला कुणाला वर्तमानपत्र उशिरा आलं तर कळत नसे, पण सौभाग्यवतींचा थेंब कळायचा.

एका हिवाळ्यात नव्या चपलेनं वहिनींच्या डाव्या पायाची करंगळी घासली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्या आल्या, तेव्हा मी पाहिलं: जखम भरलेली नव्हती, कडेनं काळी पडली होती.

"दुखत असेल हो," मी म्हटलं.

"नाही ना ताई, बिलकुल नाही. म्हणून तर लक्ष नाही दिलं."

माझ्या सासूबाईंची जखमही अशीच होती, न दुखणारी. त्यांना मधुमेह होता, आणि शेवटी पाय घोट्याच्या वर कापावा लागला होता. वहिनी तेवढ्या वेळात दोनदा उठून पाणी प्यायल्या. मी त्याच संध्याकाळी कुंपणाशी त्यांच्या यजमानांना गाठलं आणि सांगितलं, उद्याच्या उद्या वहिनींची साखर तपासून घ्या.

"मॅडम, मी रोज थेंब पाहून राहिलो तिचा. साखर असती तर पीस चिकट झालं असतं. हळद लावून राहिली ती, होते बरी."

"पाय काळा पडतो आहे. लॅबमध्ये न्यायला काय हरकत आहे?"

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मी माझ्याच बायकोले लॅबमध्ये नेलं, तर कॉलनी काय म्हणेल?"

कॉलनी काय म्हणेल ते मी त्यांना तिथल्या तिथे सांगू शकले असते. मीही कॉलनीतच राहत होते. पण मी मागच्या दारानं सरळ त्यांच्या स्वयंपाकघरात गेले. म्हटलं, नवरा ऐकत नसेल तर बायकोला समजावू.

वहिनी पातेल्यातल्या भाताची पेज गाळत होत्या. एका लहान वाटीत त्यांनी थोडी पेज काढली, चिमूटभर मीठ टाकलं, ढवळलं आणि वर झाकणी ठेवली.

"ही कुणाला?" मी विचारलं.

वहिनींनी दाराकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "हा उद्याचा थेंब."

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा मी पाटावर बसले.

"काय करू ताई? मले उठल्याबरोबर चहा लागते. त्याहीले थेंब पाहिजे चहाच्या आधी. अन् स्वतः उठतात उन्हं आल्यावर. तवर मी काय तोंड बांधून बसू?" त्या हळू आवाजात सांगत होत्या, पण थांबत नव्हत्या. "पहिले खराच देत होते. रोज काही ना काही निघे. आज पित्त, उद्या भेग. मंग दिवसभर हे खाऊ नको, ते पिऊ नको. एकदा तापात होते, पेज पेले अन् तशीच काचेवर थुंकले. असा आला, असा आला, का इचारूच नका. दिवसभर खुश! एक शब्द बोलले नाहीत मले. म्हटलं चला, आता पेजच द्यावं."

"आणि भिंतीवरचा?"

"तोही."

म्हणजे कितीतरी वर्षं सगळं नंदनवन आणि अर्धं काटोल भाताच्या पाण्याशी ताडून पाहिलं जात होतं, आणि त्यात कमी पडत होतं. दुसऱ्या कुठल्याही दिवशी मी पदर तोंडाला लावून हसले असते. पण समोर ती करंगळी होती.

"वहिनी, म्हणजे तुमची तपासणी कधी झालेलीच नाही."

"नाही ना."

"मग सांगून टाका त्यांना. आणि ते म्हणतात, थेंब खोटं बोलत नाही!"

"थेंब कुठं बोलला, ताई? मी बोलले. थेंबाले काय जाते खरं बोलायले? त्याले नवरा नाही." त्यांनी पातेल्यावर ताट ठेवलं. "आता कसं सांगू? भिंतीवर टांगलं आहे ना त्याहीनं. लोक येऊन पाहतात. त्याहीच्या तोंडावर कसं सांगू?"

"नाही सांगितलं तर पाय जाऊ शकतो."

वहिनींनी पायाकडे पाहिलं. कुणा दुसऱ्याचा असावा तसं. मग म्हणाल्या, "सांगत नाही मी. पण तुम्ही मले न्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही रिक्षात बसत होतो तेव्हा ते भिंग हातात घेऊन फाटकाशी आले. "कुठे निघाल्या दोघी?"

"देवळात," वहिनी म्हणाल्या.

"जा, जा. आजचा तर फर्स्ट क्लास आला तुझा."

लॅबमधल्या मुलीनं वहिनींची साखर पाहिली आणि मशीन बिघडलं असेल म्हणून पुन्हा रक्त काढलं. मशीन ठीक होतं. तिथून आम्ही थेट दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाई रागावल्या, आणि त्या रागावलेल्या मला बऱ्या वाटल्या. कुणीतरी रागवायला हवंच होतं. करंगळी काढावी लागली. पाय वाचला. आणखी थोडे दिवस गेले असते तर तोही वाचला नसता, असं त्या म्हणाल्या.

शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी ते आले तेव्हा मी तिथेच होते. मी वहिनींसाठी फुलका-भाजी नेली होती. त्यांनी काय आणलं होतं, सांगा बरं? शर्टाच्या खिशातून रुमालात गुंडाळलेली काच निघाली.

"एक थेंब दे वं. हे लॅबवाले काहीही सांगतात. आपण पाहून घेऊ."

वहिनींनी छताच्या पंख्याकडे पाहिलं. तो चालू होता.

"माझा थेंब तुम्ही पाहिलाच कुठं," त्या म्हणाल्या.

"काय बोलून राहिली तू?"

"पेज होती ते. भाताची. मीठ टाकून. रोज."

शेजारच्या खाटेवरच्या बाईनं मान वळवली. ते काच हातात धरून उभे राहिले.

"अन् भिंतीवरचा?"

"तोही पेजच."

मला वाटलं, आता हा माणूस खाली बसेल. निदान पायाकडे तरी पाहील. पट्टीत गुंडाळलेला तो पाय त्यांच्या हातापासून वीतभर अंतरावर होता.

"कोणत्या तांदळाची?" त्यांनी विचारलं.

"चिन्नोर," वहिनी म्हणाल्या, आणि भिंतीकडे तोंड करून पडल्या.

आपल्याकडच्या या तांदळाचं नाव इतक्या तुच्छतेनं घेतलेलं मी कधी ऐकलेलं नाही.

ते घरी गेले आणि जन्मात पहिल्यांदा गॅस पेटवून भात लावला. पहिलं पातेलं जळलं. वास आमच्या घरापर्यंत आला. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावला. वहिनी घरी आल्या, तरी रोज सकाळी त्यांची पेज शिजतच राहिली: कधी जास्त मीठ, कधी कमी, कधी जुना तांदूळ, कधी नवा. भिंतीवरच्यासारखं पीस काही आलं नाही. त्याला कारण मला दिसत होतं. भात कसा लावतात हेच त्यांना येत नव्हतं. पण त्यांनी वेगळा निष्कर्ष काढला. "पेजेतून असं पीस येतच नाही, मॅडम. चाखताना तिची लाळ पडलीच असेल त्यात. थेंब तिचाच आहे."

कॉलनीतल्या बायका हळव्या झाल्या. बघा, म्हातारा कसा बायकोसाठी रांधतो! त्यांच्या डोळ्यांना पाणी यायचं आणि माझं डोकं उठायचं. अहो, साखरेच्या रोग्याला भाताची पेज? डॉक्टरीणबाईंनी जे जे बंद केलं होतं, त्यात ती पहिली होती. उरलेलं पातेलं ते वहिनींपुढे ठेवायचे, "फुकट काहून घालवायचं?" म्हणून, आणि वहिनी ते मुकाट्यानं गायीला घालायच्या. हा माणूस बायकोसाठी रांधत नव्हता, काचेसाठी रांधत होता. पेजेची गोष्ट मी लपवली नाही. ज्यानं विचारलं त्याला सांगितली. लोक हसले, आणि रविवारी पुन्हा जाळीभोवती घाम पुसत बसले. तसबीर जागची हलली नाही.

पुढे आम्ही नंदनवन सोडून इकडे फ्लॅटमध्ये आलो, आजोबा गेले, आणि माझं तिकडे जाणं संपलं. पण थोरलीनं काचा मागितल्या, म्हणून परवा रिक्षा करून गेले. ते वाकले आहेत, कानानं कमी ऐकतात. परदेशातलं विद्यापीठ म्हटल्यावर मात्र सगळं स्वच्छ ऐकू आलं.

"फॉरेनले! मी म्हणत नव्हतो, मॅडम?"

त्यांनी कपाटातून तीच मूळची काच काढली, जिचा फोटो भिंतीवर आहे. कापसात ठेवली, आणि तिच्यावर चिठ्ठी चिकटवली: "निरोगी स्त्रीचा थेंब." मग ती ठेवायला बरी डबी शोधायला आत गेले.

वहिनी दारात काठी धरून उभ्या होत्या. मी काय न्यायला आले ते त्यांनी ऐकलं होतं. ते आत गेल्यावर त्या टेबलाशी आल्या आणि कोऱ्या काचांमधून एक उचलली. तिच्यावर थुंकल्या. खुर्चीवर बसून काच हातात आडवी धरली आणि ती वाळेपर्यंत हात जराही हलू दिला नाही. पंखा लावला होता. तो त्यांनी बंद केला नाही. मग काच माझ्या हातात दिली.

"ताई, हा माझा. तुमच्या नातीले द्या. लिहा त्याच्यावर, चहा पिऊन दिला म्हणून."

"साखरेचा?"

"बिनसाखरेचा," वहिनी म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच मोठ्यानं हसल्या. आतून विचारणा झाली, काय झालं म्हणून. मी काच पर्समध्ये ठेवली.

तर थोरले, तुझी मावशी तिकडे येते आहे, तिच्या बॅगेत दोन काचा पाठवते आहे. तुमच्याकडे नाव झाकतात ते चांगलंच आहे, पण काय वाळवलं आहे ते झाकू नका. पहिल्या काचेवरची त्यांची चिठ्ठी मी घरी येऊन पाण्याचं बोट लावून काढली. आता तिच्यावर माझ्या अक्षरात आहे: "चिन्नोर तांदळाची पेज, मीठ." फुटली तरी चालेल. दुसरीवर लिहिलं आहे: "वयस्क बाई, मधुमेह, औषध चालू, बिनसाखरेचा चहा पिऊन." ती सांभाळून हाताळ. तो थेंब कुणी न मागता दिलेला आहे.